नगावर की किलोवर

छताचा पंखा बंद पडतो तेव्हा पुष्कळदा पंख्याला काहीच झालेलं नसतं, त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. बटण दाबलं की नुसती गुणगुण ऐकू येते. काठीनं पातं ढकललं की पंखा फिरायला लागतो, पण वारा लागत नाही. दोष असतो तो काडेपेटीएवढ्या एका डबीत. साधारण अडीच मायक्रोफॅरडचा हा कपॅसिटर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि वायरमन तो दहा मिनिटांत बदलून देतो. तरी असे पंखे सोसायट्यांच्या फाटकाशी येऊन पडतात, कारण तोवर घरात नवा पंखा आलेला असतो आणि जुन्याला माळ्यावर जागा उरलेली नसते.

फाटकापासून या पंख्याला दोन वाटा फुटतात. पहिली जवळच्या भंगाराच्या दुकानात जाते. तिथे हातोडीनं मोटार फोडतात, तांब्याचं वाइंडिंग उपसून काढतात. पाती ॲल्युमिनियमच्या ढिगात जातात, दांडी आणि गाभा लोखंडात. सगळं तराजूवर. तांब्याला किलोमागे काही शे रुपये मिळतात, लोखंडाला पंचवीस-तीसच्या घरात. दुसरी वाट लांबची आहे. कुणीतरी पंख्याचा दोष ओळखतं, कपॅसिटर बदलतं, ओल्या फडक्यानं पाती पुसतं आणि रविवारी बाजारात मांडतं. भाड्याच्या एका खोलीत राहणारं कुटुंब तो घेऊन जातं. इथे तराजूचं काम नाही. इथे तो एक नग आहे, आणि नगाचा भाव तुकड्यांच्या भावापेक्षा बराच चढा असतो.

टाकून दिलेल्या घरगुती वस्तूंच्या सगळ्या व्यापाराचं गणित या दोन मापांत आहे. वस्तू नगावर जाईल की किलोवर? एकदा मोडून किलोत गेलेली वस्तू पुन्हा नग होत नाही. म्हणून या व्यापारात मला सगळ्यात मोलाची वाटते ती वस्तूला पहिला हात लावणारी बाई. वस्तू जगणार की मोडीत निघणार, हे तिच्या नजरेवर आणि तिला वर्गीकरणासाठी मिळालेल्या वेळावर ठरतं.

पुण्यात दुपारच्या आधी एखाद्या सोसायटीच्या मागच्या बाजूला किंवा नाल्याकडेच्या मोकळ्या पट्टीवर कचरावेचक बायका सुका कचरा निवडत बसलेल्या दिसतात. पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, काच, पत्रा असे ढीग हात न थांबता पडत जातात. हात थांबतो तो नेमका नगापाशी. मिक्सर आला की त्याचं भांडं उचलून खालचा कपलर बोटानं फिरवून बघायचा. सहज फिरला तर आतला बुश ठीक आहे. मग मिक्सर नाकाशी न्यायचा. जळका वास आला तर वाइंडिंग गेलं, त्याचा नाद सोडायचा. कुकर आला की झाकण बसवून बघायचं. रिंग, शिट्टी, दांडा या गोष्टी बाहेर सुट्या मिळतात, पण कड वाकलेली असेल तर तो कुकर सरळ ॲल्युमिनियममध्ये, ज्याला या धंद्यात आजही ‘जर्मन’ म्हणतात. प्रवासी बॅगेची चेन ओढून बघायची, चाकं फिरवून बघायची. स्टीलचा डबा सापडला तर तो लगेच पत्र्यात टाकायचा नाही, बाजूला ठेवायचा, कारण झाकण दुसऱ्या पिशवीत निघू शकतं. झाकणासकट डबा नगावर जातो, झाकणावाचून तोच डबा किलोवर.

हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात नाही. ते सासूकडून सुनेकडे आणि शेजारणीकडून शेजारणीकडे गेलं आहे. पुण्यातल्या कचरावेचकांत बहुसंख्य बायका आहेत, बहुसंख्य दलित समाजातल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ कुटुंबांचं शहरातलं येणं १९७२ च्या दुष्काळाशी जोडलेलं आहे. गावात हाताला काम राहिलं नाही, शहरात आल्यावर भांडवल नव्हतं. पोतं आणि नजर एवढ्यावर सुरू करता येईल असा हा धंदा होता.

त्याचा मोठा शाप म्हणजे संशय. पोत्यात कागद आणि बाटल्या असतील तर कुणी अडवत नाही. त्याच पोत्यातून चांगला कुकर किंवा पितळी तांब्या डोकावला की वॉचमन अडवतो, पोलीस हटकतात, ‘कुठून उचललंस?’ हा प्रश्न येतो. पावती तर कुणीच दिलेली नसते. मग भीतीपोटी सोपा मार्ग एकच उरतो. वस्तू ठेचायची, तोडायची, ओळखू येणार नाही अशी करायची आणि किलोवर घालायची. ज्या वस्तूचा संसार आणखी दहा वर्षं चालला असता ती अशी संपते आणि बाईच्या हातात निम्म्याहून कमी पैसे पडतात. वस्तू नग म्हणून वाचवायची असेल तर आधी ती वाचवणाऱ्या बाईला प्रतिष्ठा मिळायला हवी, ही गोष्ट पुण्यातल्या काही जणींच्या फार लवकर लक्षात आली.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण वस्त्यांत साक्षरता वर्ग घेत होत्या. कचरा वेचणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया त्यांना तिथे भेटल्या. उकिरड्यातून वेचण्याऐवजी घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर काम स्वच्छ होईल आणि मिळकत वाढेल, या विचारानं काही बायकांना ओळखपत्रं देऊन शहराच्या सुखवस्तू भागात दारोदार पाठवायला सुरुवात झाली. मिळकत खरोखरच वाढली. तेवढ्यात एका उद्योजकानं त्याच भागात गाडी लावून तोच सुका कचरा गोळा करायचं ठरवलं. बायकांनी त्याची गाडी अडवली. झाडं तोडू नयेत म्हणून हिमालयातल्या बायका झाडांना बिलगल्या होत्या, तसं हे कचऱ्याचं ‘चिपको’ होतं. टाकलेल्या मालावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कुणी विचारला असेल.

त्यातूनच मे १९९३ मध्ये आठशेहून अधिक कचरावेचक एकत्र आले आणि बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नावातच मालाची यादी आहे. काही वर्षांत महापालिकेनं पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली आणि पोत्यातल्या कुकरचं उत्तर देण्यासाठी बाईच्या गळ्यात एक कागद आला. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था नोंदली गेली, २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. प्रत्येक घरानं महिन्याचं शुल्क द्यायचं, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत पोचवायचा, आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते पैसे वेचणारीचे. हे शेवटचं कलम मला सगळ्या व्यवस्थेचा कणा वाटतं. वस्तूचे पैसे जिला मिळणार आहेत तीच वस्तू फोडण्याआधी दोनदा उलटून बघते. पगारावर कॉम्पॅक्टर चालवणाऱ्याला तसं करायला कारणही नसतं आणि सवडही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकाची व्याख्या केलेली होती. तिच्यात पुनर्चक्रीकरण होऊ शकणाऱ्या मालाबरोबर पुन्हा वापरता येणाऱ्या मालाचाही उल्लेख होता. म्हणजे नग वाचवणं हे त्यांचं काम कायद्यानंही मान्य केलं. प्रत्यक्षात शहरं मोजमाप ठेवतात ते टनांचं. किती टन उचलला, किती टन प्रक्रियेला गेला. किती पंखे पुन्हा फिरायला लागले, हा रकाना कुठल्याच अहवालात नसतो, आणि जे मोजलं जात नाही त्याला जागा, शेड, वेळ काहीच मिळत नाही.

वेचणारीच्या हातून सुटलेला नग वाचण्याची दुसरी संधी भंगाराच्या दुकानात असते. बाहेरून बघणाऱ्याला तिथे फक्त ढीग दिसतात. पण बहुतेक दुकानांत गल्ल्याच्या मागे एक फळी असते आणि तिच्यावर मालकानं बाजूला काढलेल्या वस्तू असतात. चालू स्थितीतली इस्त्री, शिवणयंत्राचं डोकं, नळाची पितळी तोटी, फोटोफ्रेम, लहान मुलाची तीनचाकी. परिसरातले प्लंबर, वायरमन, रिक्षावाले, खोली लावायला निघालेले विद्यार्थी या फळीवर नजर ठेवून असतात. हव्या त्या मापाचा नट किंवा बंद पडलेल्या मॉडेलचं बटण जिथे मिळतं अशी ती एकच जागा असते. भंगारवाल्याला शहरानं नेहमी अडगळ मानलं. विकास आराखड्यात त्याला जागा नाही, त्याच्या दुकानाविरुद्ध तक्रारी होतात, रस्ता रुंद झाला की पहिला तो उठतो. पण वेचणारी पोतं घेऊन चालत जाऊ शकेल इतक्या अंतरावर दुकान नसेल, तर जड नग उचलण्यात तिला काहीच राम राहत नाही.

दुकानातून पुढे बाजार. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला जुना बाजार वर्षानुवर्षं बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटच्या परिसरात चोर बाजार आहे, आणि तिथे शुक्रवारी पहाटेच रस्त्यावर जुन्या वस्तूंची मांडामांड सुरू होते. अशा बाजारात कसलेला विक्रेता वस्तूंची मांडणी किमतीवर करत नाही, गिऱ्हाइकावर करतो. पान्हे, पक्कड, ड्रिलची पाती एका बाजूला, कारण मिस्त्री लोक सकाळी लवकर येतात आणि भाव पक्का ठाऊक असल्यानं घासाघीस करत नाहीत. भांडी आणि डबे दुसऱ्या बाजूला, कारण संसार मांडणाऱ्या बायका सगळं एका जागी बघून एकगठ्ठा भाव ठरवतात. आणि चाकोरीबाहेरचं काही, जुना कंदील, घड्याळ, नाणी, पत्र्याची जाहिरात, हे हाताशी, कारण ते घेणारा हौशी असतो आणि त्याच्याशी बोलावं लागतं. या तिन्ही गिऱ्हाइकांत पहिली दोनच धंदा चालवतात. वर्तमानपत्रांतून या बाजारांबद्दल लिहिलं जातं ते मात्र तिसऱ्याबद्दल, त्यानं दोनशे रुपयांत काय दुर्मिळ मिळवलं याबद्दल. मला पहिली दोन अधिक महत्त्वाची वाटतात. पहिला पगार झालेल्या मुलाला गॅसची शेगडी, चार पातेली, एक टेबलफॅन आणि लोखंडी कॉट नव्या किमतीत परवडत नाही. हा बाजार नसता तर त्याचा संसार सहा महिने उशिरा लागला असता.

भांडी आणि कपडे यांच्या बाबतीत आपल्याकडे फाटकावर जाण्याच्याही आधीची व्यवस्था होती, आणि काही भागांत ती अजून आहे. ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दारात येणाऱ्या या बायकांत पुष्कळ जणी मूळच्या गुजरातेतल्या देवीपूजक समाजातल्या, ज्यांना आपल्याकडे वाघरी म्हणून ओळखलं गेलं. दोन साड्या आणि एका पँटवर एक पातेलं, हा व्यवहार पाहिलेल्यांना आठवत असेल. ती प्रत्येक कपडा उजेडात धरायची, काख, कॉलर आणि साडीचा काठ बघायची, आणि ‘वैनी, ह्यात काय जीव नाय’ म्हणत बाजूला सारायची. ते सारणं म्हणजे नुसती घासाघीस नव्हती. तिच्या डोक्यात त्या कपड्याचा पुढचा प्रवास तयार असायचा. चांगला कपडा धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात नगावर. विरलेला सुती कपडा गॅरेज आणि कारखान्यांत यंत्रं पुसायला चिंधी म्हणून किलोवर. लोकरीचं उत्तरेत पानिपतला, जिथे जुनी लोकर पिंजून तिचं पुन्हा सूत कातलं जातं आणि स्वस्त कांबळी विणली जातात. आणि खऱ्या जरीची साडी असेल तर ती जाळून चांदी काढणाऱ्याकडे. शेवटच्या वाटेनं किती पैठण्या आणि शालू गेले असतील याचा विचार केला की वाईट वाटतं, पण साडीतल्या चांदीला बाजार होता आणि साडीतल्या विणकामाला त्या काळी नव्हता.

किलोनं नगावर मात केल्याची याहून मोठी उदाहरणं आहेत. मूकपटांच्या जमान्यात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट तयार झाले. पूर्ण अवस्थेत उरले ते बोटांवर मोजण्याइतके. आग लागणं, ओल, हेळसांड ही कारणं आहेतच, पण फिल्मच्या थरात चांदी असते आणि ती काढून घेण्यासाठीही कित्येक रिळं धुतली गेली. पितळेच्या भांड्यांचं तसंच झालं. स्टील आल्यावर घरोघरचे हंडे, घंगाळी, पानाचे डबे, समया मोडीत गेल्या आणि वितळल्या. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच रोजच्या वापराच्या वस्तू, दिवे, अडकित्ते, फण्या, वज्री, आयुष्यभर वेचून जमवल्या. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या दिसतात. अहमदाबादेत ‘विशाला’ उभारणाऱ्या सुरेंद्र पटेल यांनी वितळवायला निघालेली भांडी विकत घेऊन तिथे भांड्यांचं संग्रहालयच केलं. या दोघांनी वाचवलेलं आणि वितळलेलं यांचं प्रमाण काय असेल, याची कल्पना कुठल्याही तांबट आळीतला म्हातारा कारागीर देऊ शकतो.

नगाची बाजू बळकट असलेलं एक साधं उदाहरण मात्र रोज डोळ्यांसमोर आहे. बिअरची काचेची बाटली. ती अख्खी असेल तर भंगारवाला नगावर घेतो, कारण ती धुऊन पुन्हा भरली जाते. फुटली की तीच काच किलोवर, आणि काचेचा किलोचा भाव इतका कमी की ओझं वाहायलाही परवडत नाही. म्हणून अख्खी बाटली रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही आणि जॅमची बरणी मात्र राहते. कुणी उपदेश केलेला नाही, जाहिरात केलेली नाही. नगाला गिऱ्हाईक आहे, एवढंच पुरतं.

रद्दीतलं पुस्तकही असंच. रद्दी किलोवर येते, पण मुंबईत फोर्टच्या पदपथांवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तकं विकणाऱ्यांनी त्यातून काढलेलं पुस्तक नगावर जातं. मराठीतल्या कितीतरी अभ्यासकांची खासगी ग्रंथालयं अशा रद्दीतून उभी राहिली आहेत.

किलो आणि नग यांत आणखी एक फरक आहे आणि तो वेचणारीच्या चुलीशी भिडतो. किलोचा भाव जगाच्या बाजाराला बांधलेला असतो. २००८ च्या अखेरीला जागतिक मंदी आली तेव्हा पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक सगळ्यांचे भाव कोसळले. पोतं तेवढंच जड होतं, पैसे निम्मे झाले. कच्चं तेल उतरलं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि भंगार प्लास्टिकला कुणी विचारत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर गेला, त्याचाही दाब साखळीतून खाली तिच्यापर्यंत येतो. चालू पंख्याचा भाव मात्र लंडनच्या धातू बाजारावर ठरत नाही, तो उन्हाळ्यावर ठरतो. दहा पोत्यांत एखादा चांगला नग निघाला तर पडत्या भावाच्या महिन्यात तोच घर चालवतो.

पर्यावरणाच्या बाजूनंही नगाचं पारडं जड आहे. जुनं ॲल्युमिनियम वितळवायला खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत जवळपास ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, ही मोठीच बचत. पण कुकरला नुसती नवी रिंग बसवली तर भट्टीच पेटवावी लागत नाही. कागदाचा तंतू दर फेरीत आखूड होत जातो, प्लास्टिकचा दर्जा उतरत जातो. पुनर्चक्रीकरण हे चांगलं काम आहे. मात्र ते नग वाचवण्याचे सगळे प्रयत्न संपल्यावरचं काम आहे, आणि आपल्या सरकारी मोहिमांत हा क्रम नेहमी उलटा होतो.

फाटकाशी ठेवलेली वस्तू नेमकी कुणाची, हा प्रश्न श्रीमंत देशांतही सुटलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात सांगितलं की घराबाहेर पदपथाकडेला ठेवलेल्या कचऱ्यावर घरमालकाला खासगीपणाचा दावा करता येत नाही, कारण तो कुणीही उघडून बघू शकतं. तरी तिथल्या अनेक शहरांचे स्थानिक नियम सांगतात की पुनर्चक्रीकरणाच्या डब्यात टाकलेला माल शहराचा किंवा त्याच्या ठेकेदाराचा, इतरांनी उचलला तर दंड. कारण उघड आहे, पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमच्या डब्यांचे पैसे येतात. परिणाम असा की चांगला दिवा किंवा खुर्चीही त्याच गाडीत चिरडली जाते.

त्याच देशात बर्कलीला वेगळं घडलं. डॅन नॅप नावाच्या समाजशास्त्राच्या माजी प्राध्यापकानं १९८० च्या सुमारास तिथल्या कचराभूमीवर उपयोगी वस्तू वेचायला सुरुवात केली आणि त्यातून ‘अर्बन ओअर’ हा व्यवसाय उभा राहिला. शहराच्या कचरा हस्तांतरण केंद्रावर त्यांचे कामगार माल चिरडला जाण्याआधी दरवाजे, सिंक, टेबलं, सायकली बाजूला काढतात आणि त्या भल्यामोठ्या आवारात विकायला येतात. नावाचा रोख असा की शहर हीच खाण आहे. युरोपातल्या काही शहरांनी तर हे काम स्वतःच अंगावर घेतलं. व्हिएन्नाच्या कचरा विभागानं २०१५ मध्ये लोकांनी कचरा केंद्रावर आणून दिलेल्या चांगल्या वस्तूंचं दुकान उघडलं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एस्किलस्टुना या गावात कचरा केंद्राच्या शेजारीच ‘रेटूना’ हा मॉल सुरू झाला, जिथली दुकानं दुरुस्त केलेला जुना मालच विकतात. माणूस गाडीतून सोफा टाकायला येतो आणि दुसऱ्या दारानं टेबल घेऊन जातो.

या युरोपीय उदाहरणांचं आपल्याकडे फार कौतुक होतं. मला त्यांत एक गोष्ट उणी वाटते. तिथे महापालिका स्वतः दुकानदार झाली, कारण वेचणारे लोक त्या शहरांतून आधीच हाकलले गेले होते. पॅरिसचा प्रिफेक्ट यूजेन पुबेल यानं १८८३ च्या अखेरीला घरमालकांना झाकणाचे डबे सक्तीचे केले तेव्हा तिथल्या हजारो कचरावेचकांच्या पोटावर पाय आला. त्यांतले पुष्कळ शहराच्या तटाबाहेर गेले आणि सेंट-उआँच्या जुन्या बाजाराची सुरुवात तिथूनच झाली. आपल्याकडे वेचणारे अजून दारात येतात. त्यांना बाजूला सारून चकाचक केंद्र उभारणं म्हणजे पॅरिसची चूक दीडशे वर्षांनी पुन्हा करणं होईल. कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयानं २००३ मध्ये बोगोटाच्या कचरावेचकांना कचऱ्याच्या निविदेत सामील होण्याची खरी संधी मिळाली पाहिजे असं बजावलं आणि पुढच्या दशकात त्यांना त्यांच्या कामाचा मोबदला शहराकडून मिळू लागला. आपण बघायला हवं ते तिकडे.

आपल्याकडे २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं जुने कपडे, पुस्तकं, खेळणी जमा करण्यासाठी शहरोशहरी केंद्रं उघडायला लावली. कल्पना चांगली आहे. पण ज्या केंद्राचा ताबा कचरावेचकांच्या गटाकडे असेल तेच टिकेल असं माझं मत आहे, कारण मोहिमेचा महिना संपल्यावर तिथे रोज बसण्यात दुसऱ्या कुणाचाच फायदा नसतो.

सगळंच नगावर विकावं असं मात्र नाही. चिरलेलं हेल्मेट, गॅसचा जुना रबरी पाइप, वाकलेल्या कडेचा कुकर, उघड्या तारांचं एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू पुसून चकचकीत करून कुणाला विकणं म्हणजे अपघात विकणं आहे. ढेकूण झालेली गादी दुसऱ्याच्या घरी पाठवू नये. टीव्ही, संगणक, बॅटऱ्या, फ्रिज यांचं तोडकाम उघड्यावर करू नये. वायर जाळून तांबं काढताना जो धूर निघतो तो काढणाऱ्याच्याच छातीत जातो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि त्यांत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांइतकीच दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी आहे. अशा वस्तू त्यांच्याकडेच जायला हव्यात. मोबाइल किंवा संगणक देताना त्यातली माहिती आधी पुसून टाका, ही जबाबदारी देणाऱ्याची.

बाकी जे घरातून बाहेर निघेल त्याच्यासाठी थोडं केलंत तरी पुष्कळ होईल. वस्तू ओल्या कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवू नका, तासाभरात तिचा नग संपतो. डब्याचं झाकण, मिक्सरचं भांडं, पंख्याची पाती, स्क्रू, रिमोट सगळं एका पिशवीत घालून वस्तूलाच बांधा. काय बिघडलं आहे ते एका चिठ्ठीवर लिहा, ‘चालू आहे’ असेल तर तेही लिहा. फाटकाशी टाकून जाण्याऐवजी कचरा घ्यायला येणाऱ्या मावशीच्या हातात द्या आणि वॉचमनला तसं सांगून ठेवा, म्हणजे तिला कुणी हटकणार नाही. सोसायटीच्या सभेत तिच्यासाठी वर्गीकरणाला चार फूट सावलीची जागा मागा. आणि तुम्ही दिलेल्या वस्तूचे तिला चांगले पैसे आले असं कानावर आलं, तर त्यात वाटा मागू नका किंवा पुढच्या वेळी भावही ठरवू नका. ते पैसे तिच्या नजरेचे आहेत.